फोडणी मुलांच्या हातची

मी सत्तावीस वर्षं हायस्कुलात कार्यानुभव शिकवला. निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी मुलांचा स्वयंपाकाचा वर्ग घेते. मुलं फक्त आठ. त्याहून जास्त हातांवर एका वेळी माझी नजर राहत नाही. मागच्या अंकात या वर्गाबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न इथं घेते आहे.

प्रश्न : बाई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रोज ओट्याशी येऊन उभा राहतो, मला पण शिकव म्हणतो. सासूबाई म्हणतात, गॅसजवळ पोरगं नको. भीती मलाही वाटते. कितव्या वर्षी शिकवायला घ्यावं?
– एक आई, राजारामपुरी

सासूबाईंची भीती खरी आहे, तिला नावं ठेवू नका. पण रोज ओट्याशी येणारं पोर आज हाकललं, तर तुम्ही घरात नसताना ते एकटं ओट्याशी जाईल. ज्यांना घरी कधी चुलीजवळ फिरकू दिलं नाही, तीच मुलं माझ्याकडे पहिल्या दिवशी तापल्या तव्याला बोट लावून बघतात. तवा तापला आहे हे दिसत नाही, ते हात जवळ नेऊन कळतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी वय विचारत नाही. मुलाला ओट्यापुढे उभं करते आणि त्याचं कोपर ओट्याच्या वर येतं का ते बघते. येत नसेल तर पायाखाली जड लाकडी पाट किंवा चौरंग द्यायचा. प्लॅस्टिकचं स्टूल अजिबात नको, ते कलंडतं. मग निम्मं पातेलं गार पाणी भरून देते आणि स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकाला न सांडता न्यायला सांगते. ते चालत असताना मध्येच मी ‘थांब’ म्हणते. जो जागच्या जागी थांबतो, पातेलं खाली ठेवतो आणि माझ्याकडे बघतो, तो गॅसजवळ यायला तयार झाला. काही मुलं आठव्या वर्षी तयार होतात, काहींना अकरावं उजाडतं.

पहिले पंधरा दिवस विस्तव नाहीच. कोथिंबीर निवडायची, मटार सोलायचे, भाजलेले शेंगदाणे सुपात घेऊन पाखडायचे, खलबत्त्यात कूट करायचा, काकडी चोचवून कोशिंबीर करायची. काकडी किसायची असली तर किसणी परातीत आडवी ठेवून किसायची आणि शेवटचा बोटभर तुकडा खाऊन टाकायचा. बोटं सोलवटतात ती त्या शेवटच्या तुकड्यापायीच. मग तव्याची कामं येतात : पापड भाजणं, भाकरी शेकणं, घावन उलटणं. तेल सगळ्यात शेवटी.

आता फोडणीचं बोलते, कारण सगळी भीती तिच्यात साठलेली असते. गेल्या मे महिन्यात वर्गात एक दहा वर्षांची मुलगी होती. तेल तापलं. तिनं मोहरीची चिमूट घेतली, तोंड दुसरीकडे वळवलं आणि हात लांबवून मोहरी वरून टाकली. निम्मी मोहरी बर्नरवर पडली, उरलेली तेलात पडली आणि तेलाचे तीन थेंब तिच्या मनगटावर उडाले. मुलं भीतीनं लांबून टाकतात, आणि लांबून टाकलेलंच अंगावर येतं. मी तिचं मनगट पाण्याखाली धरलं. फार काही झालेलं नव्हतं. लाली गेल्यावर ती परत ओट्याशी आली आणि म्हणाली, “बाई, परत घालू काय?”

मी तिच्या मागं उभी राहिले. गॅस बारीक केला आणि कढईत मोहरीचा एकच दाणा टाकायला सांगितला. दाणा तळाशी गेला आणि तसाच बसला. थांबलो. मग त्याच्याभोवती बारीक बुडबुडे आले, दाणा वर आला आणि तडकला. “आता हात कढईच्या काठापर्यंत आण. काठाला लागू देऊ नकोस. बोटं उघड.” मोहरी काठावरून घरंगळत तेलात गेली. आवाज झाला, पण एक थेंबही बाहेर आला नाही. कढीपत्त्याचं प्रत्येक पान तिनं आधीच पंचानं पुसून ठेवलं होतं. पाण्याची वाफ शंभर अंशांना होते आणि फोडणीचं तेल त्याच्या कितीतरी वर तापलेलं असतं. ओलं पान पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तेल घेऊनच वर उसळते. एवढं सांगितलं की मुलं पानं पुसायला कधी विसरत नाहीत. कारण न सांगता नुसतं ‘ओलं टाकू नको’ म्हटलं तर दुसऱ्या दिवशी विसरतात.

मुलांना फोडणीसाठी लांब दांड्याची छोटी पळी देऊ नका, ती बर्नरवर डुगडुगते. सपाट बुडाची, जरा खोल कढई द्या आणि तिचा दांडा ओट्याच्या आतल्या बाजूला वळवून ठेवा. बाहेर डोकावणाऱ्या दांड्याला धाकटी भावंडं हात घालतात. अंगावर सुती कपडे हवेत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नायलॉनचा झगा पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. वेणी बांधलेली हवी, आणि पायात चप्पल हवी.

एक सूचना तुमच्यासाठी. तो फोडणी घालत असताना तुम्ही हाताची घडी घालून शेजारी उभ्या राहा. मध्ये हात घालू नका, फोनही बघू नका. आईचा हात मध्ये आला की मूल आपला हात सोडून देतं. कुकर मात्र एवढ्यात देऊ नका. झाकण कधी पडतं, वाफ धरली की नाही, रबरी रिंग नीट बसली का, हे समजायला तेराचौदा वर्षांचं मूल हवं, असं माझं मत आहे.

प्रश्न : बाई, मी सहावीत आहे. आई-बाबा सात वाजता येतात. मी शाळेतून साडेपाचला येते तेव्हा खूप भूक लागलेली असते. मी बिस्किटंच खाते. गॅस लावायचा नाही असं आईनं सांगितलंय. मी काय करून खाऊ? माझा चार वर्षांचा भाऊ शेजारच्या आज्जींकडे असतो, तो पण मग घरी येतो.
– एक मुलगी, कसबा बावडा

बाळ, आईचं अगदी बरोबर आहे. घरात मोठं माणूस नसेल तर गॅस लावायचा नाही. तुला कितीही चांगलं येत असलं तरी नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनाही मी हेच शपथेवर सांगते.

आईला रात्री एक काम सांग. मटकी सकाळी भिजवायची, संध्याकाळी पाणी काढून फडक्यात बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मोड आले की आई ती दहा मिनिटं वाफवून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवेल. दोन दिवस चांगली राहते. कच्ची खाऊ नकोस. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच रोगजंतूंनाही आवडते. वाफवली की ते मरतात.

तू शाळेतून आलीस की हात साबणानं धू. वाटीभर मटकी, मूठभर कुरमुरे, चिरलेला टोमॅटो, थोडा कांदा, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा चटणी आणि वरून अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू विसरायचं नाही. मटकीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं सी जीवनसत्त्व मदत करतं. यासोबत चहा मात्र नको, चहा त्याच लोहाच्या आड येतो.

दुसरं, दही-पोहे. पातळ पोहे चाळून घे, वाटीभर दह्यात कालव, मीठ आणि चिमूटभर साखर घाल. काकडी किसून घातलीस तर आणखी छान लागतील. आणि सकाळची भाकरी उरली असेल तर ती हातानं बारीक कुस्कर, वर थोडा गूळ आणि गार दूध. माझी आज्जी आम्हाला रोज हेच द्यायची. भाकरी नाचणीची असली तर फारच उत्तम. चंदगड-आजऱ्याकडून आपल्याकडे चांगली नाचणी येते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तुझ्या वयाला हाडं वाढतात, त्यांना हेच लागतं.

भावाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नकोस. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या घशात ते अडकतात. त्याला कूट दे. द्राक्षं असली तर उभी चिरून दे. आणि त्यानं बसून खायचं, पळत पळत खायचं नाही. एवढं तू त्याची ताई म्हणून बघ.

प्रश्न : नातीच्या हातावर वाफ आली. मी लगेच हळद लावली, सून म्हणाली टूथपेस्ट लावा. शेजारच्यांनी बर्फ आणला. नक्की काय लावायचं?
– एक आज्जी, शुक्रवार पेठ

आज्जी, काहीच लावायचं नाही. फक्त पाणी, आणि तेही वीस मिनिटं.

मी अकरा वर्षांची असताना होळीच्या दिवशी पुरणाची डाळ शिजत होती. आत्या बाहेर गेली होती. डाळ बघायला म्हणून मी झाकण उचललं, आणि उचललं ते स्वतःकडे. सगळी वाफ डाव्या मनगटावर आली. वाफ उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते. कातडीवर तिचं पाणी होताना ती आपल्यातली सगळी ऊब तिथंच सोडते. आत्या धावत आली आणि तिनं तूप-हळद थापली. तिच्या जीवाची घालमेल मला आजही आठवते. दुसऱ्या दिवशी फोड फुटला, हळद त्यात मुरली आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागली. भाजताना मी रडले नव्हते, ती खरवडताना रडले. चिंचोक्याएवढा डाग अजून मनगटावर आहे. वर्गातल्या प्रत्येक नव्या मुलाला मी तो दाखवते आणि झाकण कसं उचलायचं ते शिकवते : आधी पलीकडची कड उचलायची, वाफ भिंतीकडे जाऊ द्यायची, मग झाकण काढायचं.

भाजलं की लगेच नळाखाली धरा. पाणी साधं, नळाचं, बारीक धारेचं. घड्याळ लावून वीस मिनिटं. दोन मिनिटांत मूल म्हणतं, ‘आता दुखत नाही’, तरी हात काढायचा नाही. वरची कातडी गार झाली तरी आतली ऊब खाली उतरत असते, ती वाहत्या पाण्यानं निघते. नळाला पाणी नसेल तर बादलीतलं तांब्यातांब्यानं ओतत राहा. बर्फ नको, त्यानं आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते. बांगडी, अंगठी, हातातला दोरा लगेच काढा. सूज आली की ते निघत नाहीत. कपडा चिकटला असेल तर ओढू नका, त्याच्यावरूनच पाणी घाला. नंतर स्वच्छ, सुकं सुती फडकं सैलसर ठेवा. फोड आला तर फोडू नका.

भाजलेली जागा मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा तोंडावर, हाताच्या पंजावर, सांध्यावर, लघवीच्या जागी भाजलं असेल तर पाणी घालून झाल्यावर थेट दवाखान्यात न्या. पाच वर्षांखालच्या मुलाला थोडंसं भाजलं तरी डॉक्टरांना दाखवा. मोठं भाजलं असेल तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवा. मोठा भाग भाजला असेल तर बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळून ऊब द्या, लहान मुलं लवकर गारठतात.

हळद डाळीत घाला, आज्जी. नातीच्या हाताला पाणीच.

प्रश्न : उन्हाळ्यात घरी वर्षाची चटणी करतो. पोरं मदतीला बसतात आणि मग हात डोळ्याला लावून रडतात. हातांची आग पाण्यानं जात नाही. उपाय सांगा.
– एक वाचक, कळंबा

कांदा-लसूण चटणी आपल्या घराचा वर्षाचा कणा आहे. त्या दिवशी मुलांना लांब ठेवू नका, पण मिरचीची कामं देऊ नका. संकेश्वरी मिरचीची देठं काढणं मोठ्यांनी करावं, हातात मोजे घालून. मुलांना खोबरं किसायला, तीळ निवडायला, लसूण सोलायला द्या.

मिरचीतला तिखट भाग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्यानं आग जात नाही, उलट पसरते. हातांना आधी गोडेतेल चोळा, मग साबणानं धुवा, आणि हे दोनदा करा. तोंडात आग झाली तर पाण्याऐवजी दूध किंवा दही द्या. डोळ्यात गेलं तर मात्र तेल, दूध काहीही नको. स्वच्छ गार पाण्यानं डोळा बराच वेळ धुवा आणि चोळू देऊ नका. तासाभरात आग कमी झाली नाही तर डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मुलांना साखर बंद केली, आता सगळं गुळात करतो. कोल्हापूरचा गूळ, तो कितीही चालतो ना? दुसरं म्हणजे, मुलगा पाकिटातले नूडल्स सोडून दुसरं काही करायलाच तयार नाही.
– एक बाबा, कदमवाडी

गुळाचा मलाही अभिमान आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या बाजारपेठेसाठी. २०१४ मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. हंगामात मुलांना एकदा गुऱ्हाळावर न्या. काहिलीतला रस कसा आटतो, काकवी कुठल्या टप्प्यावर काढतात, ते त्यांना दिसू दे. पण मुलांच्या पोटात गेल्यावर गूळ बहुतेक साखरच असतो. त्यात थोडी खनिजं आहेत. ती मिळावीत म्हणून वाटीभर गूळ खाणं परवडणारं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हिशेब केला तर पाच टक्के म्हणजे साधारण वीस ग्रॅम, चार चहाचे चमचे. त्यात गूळ, मध, काकवी, चहातली साखर, बिस्किटातली साखर सगळं आलं. म्हणून शेंगदाण्याचा लाडू करताना दोन वाट्या कूट असेल तर अर्धी वाटी गूळ घ्या. सुटासुटा वाटला तर चमचाभर तूप लावून वळा. मुलं लाडू लहान वळतात तेही बरंच. लिंबाएवढा एक पुरे.

नूडल्सबद्दल मी मुलांशी भांडत नाही. पाकीट उलटं करून त्याच्यामागचा सोडियमचा आकडा त्यांना वाचायला लावते. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरतं, हे आधी सांगून ठेवते. माझ्या वर्गातल्या एका मुलानं हा गुणाकार केला, तराजूवर तेवढं मीठ मोजलं, आणि ते बशीत ठेवून कितीतरी वेळ बघत बसला. पुढच्या वेळी त्यानं स्वतःहून मसाल्याची पुडी निम्मीच घातली आणि त्यात गाजर, मटार, फेटलेलं अंडं घातलं. तुमच्या मुलाला पाणी उकळता येतं म्हणजे त्याला उप्पीट येईल, शेवयाही येतील. तिथून सुरुवात करा.

प्रश्न : मुलीला सुरी द्यावी की विळी? आमच्याकडे सगळं विळीवरच चिरतात.
– एक काकू, गंगावेश

सुरी द्या. विळीचं पातं उघडं आणि आपल्याच दिशेनं असतं, मूल बसल्या जागी पुढे झुकलं तर तोंड पात्यावर येतं. विळी वापरून झाली की ती मिटून, उंचावर ठेवायची सवय मोठ्यांनी लावून घ्यावी.

सुरी धारदार हवी. बोथट सुरीवर मूल जोर लावतं आणि ती टोमॅटोवरून घसरून बोटावर येते. लाकडी पाटाखाली ओलं फडकं पसरा म्हणजे पाट सरकत नाही. दुसऱ्या हातानं भाजी धरताना बोटांची टोकं आत वळवायची, मांजराच्या पंजासारखी, आणि पेरं पुढे ठेवायची. गोल वस्तू आधी मधोमध चिरून सपाट बाजू खाली ठेवायची. सुरी हातातून पडली तर धरायला जायचं नाही, पाय मागं घ्यायचे.

प्रश्न : मुलीनं दूध तापवलं, दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तिला कळलंच नाही. घरात वास पसरला तेव्हा मी पंखा लावून वास घालवला. बरोबर केलं ना?
– एक आई, उद्यमनगर

नाही, ताई. तुम्ही वाचलात हे देवाचे आभार. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. बटण दाबताना आत जी बारीक ठिणगी पडते ती त्याला पेटवायला पुरते. चालू असलेला दिवा बंद करतानाही ठिणगी पडते. त्या वेळी कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. पंखा, दिवा, चिमणी, मिक्सर, दारावरची बेल, सगळं जसं आहे तसं राहू दे. शेगडीचं बटण बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, देवापुढचा दिवा लावलेला नसेल याची खात्री करा, दारं-खिडक्या सताड उघडा आणि मुलांना घेऊन बाहेर जा. बाहेर गेल्यावर १९०६ ला फोन करा, तो गॅसगळतीचा क्रमांक आहे, कुठल्याही कंपनीचं सिलिंडर असो. गॅसला मुळात वास नसतो. तो मुद्दाम घातलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून. मुलीला तो वास ओळखायला शिकवा. शेगडीची नारंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर छापलेली तारीख आज बघा.

दूध तापवणाऱ्या मुलानं दुधाशेजारीच उभं राहायचं. आमच्या वर्गात दूध गॅसवर असताना कुणी पाणी प्यायलाही जात नाही.

प्रश्न : कढईतलं तेल पेटलं तर?
– एक वाचक, फुलेवाडी

पाणी कधीच नाही. पाणी तेलाखाली जातं, तिथं त्याची वाफ होते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. हात पोचत असेल तर गॅस बंद करा, कढईवर मोठं सपाट झाकण किंवा परात बाजूनं सरकवून ठेवा, आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. कढई उचलून मोरीत न्यायची नाही. मुलांना एकच सांगा : बाहेर पळ आणि मोठ्याला हाक मार. विझवणं त्यांचं काम नाही.

प्रश्न : मी बारा वर्षांचा आहे. मला स्वयंपाक आवडतो. पण तालमीतली पोरं हसतात, म्हणतात बायकांचं काम करतोय. आई शेजारी उभी असते, मला गॅस लावता येतो. मी त्यांच्यासाठी काहीतरी करून नेऊ का?
– एक मुलगा, शिवाजी पेठ

बाळा, नक्की ने. तालमीत राहणारे मल्ल आपला खुराक कुणाकडून करून घेतात? पाळीपाळीनं स्वतःच करतात. बदाम घोटून थंडाई करणारे हात कुस्तीचेच असतात. आपल्या कोल्हापुरात रस्सा मंडळं आहेत, शेतावर मटणाचा हंडा चढतो आणि तांबडा-पांढरा ढवळायला गडीच असतात. ते पट्टीचे स्वयंपाकी आहेत, त्यांना कुणी हसत नाही. तुझ्या दोस्तांचे बाबाही त्यात असतील. विचार त्यांना.

त्यांच्यासाठी भडंग कर. पावकिलो भडंगाचे कुरमुरे घे आणि मंद आचेवर कोरडेच भाज, बोटांत चुरा होईपर्यंत. ते परातीत काढून ठेव. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या सालासकट ठेच. कढीपत्त्याची वीस-पंचवीस पानं पंचानं कोरडी पूस, एकही पान ओलं राहता कामा नये.

कढईत तीन मोठे चमचे तेल, एवढंच. गॅस बारीक ठेव. आधी मूठभर शेंगदाणे घालून तांबूस कर आणि झाऱ्यानं काढून घे. मग मोहरीचा एक दाणा टाकून बघ. तो तडकला की हात काठाजवळ नेऊन बाकीची मोहरी सोड. वरून फेकू नकोस. लसूण घाल, त्याच्या कडा सोनेरी झाल्या की कढीपत्ता, तोही काठावरून. आता गॅस बंद कर. पूर्ण बंद. मग दोन छोटे चमचे चटणी, पाव चमचा हळद, चवीपुरतं मीठ. चटणी गॅस चालू असताना घातलीस तर करपेल आणि घरभर ठसका उठेल. बंद केलेल्या कढईतली ऊब तिला पुरते. शेवटी शेंगदाणे आणि कुरमुरे घालून दोन झाऱ्यांनी खालून वर हलव, म्हणजे चटणी सगळ्यांना लागेल.

परातीत पसरून ठेव आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर. कोमट भरलास तर तालमीत पोचेपर्यंत कुरमुरे मऊ पडतील. आणि डबा उघडायच्या आधी सगळ्यांना हात धुवायला लाव, लाल माती असते हातांना.